खांद्यावरून घसरणारा पट्टा: आपले अनुभव लिहा

फळ्यावर लिहिण्यासाठी हात वर केला, की ब्रेसियरचा पट्टा खांद्यावरून ओघळतो आणि उरलेला तास एक खांदा उचलून धरण्यात जातो. हा त्रास मी कित्येक वर्षे सोसला, पण बहिणीपाशीही कधी बोलले नाही. घरगुती असोत वा विकतचे, फसलेले असोत वा लागू पडलेले, आपापले उपाय मोकळेपणाने लिहावेत. माझा फसलेला उपाय सेफ्टी पिनचा. बसमध्ये दांडी धरताना पिन उघडून खांद्यात रुतली, आणि ब्लाउजला भोक पडले ते निराळेच.

*

मी ब्लाउज शिवते. खांद्याच्या शिवणीवर आतल्या बाजूने दोन इंचांची नाडी लावून तिला टिचबटन द्यावे आणि पट्टा त्यात अडकवावा, हा जुना आणि खात्रीचा उपाय आहे. मात्र नाडीचे शिवलेले टोक बाहीकडे आणि टिचबटन गळ्याकडे हवे, कारण पट्टा बाहेरच्या दिशेने घसरतो आणि तो ताण शिवणीने घ्यावा, बटनाने नव्हे. उलटे लावलेले बटन हात वर करताच सुटते, आणि गिऱ्हाईक बटनालाच नावे ठेवते.

*

माझा पट्टा सकाळी नीट बसे आणि संध्याकाळी लोंबे. दोष सरकत्या कडीचा होता. इलॅस्टिक झिजून गुळगुळीत झाल्यामुळे कडी धरत नव्हती. माप ठरवून कडीपाशी दोन टाके घातले, काम झाले.

*

वरील सर्व उपाय मीही केले, परंतु माझे दुखणे पट्ट्यात नव्हतेच. मी वर्षानुवर्षे ३६ बी मापाची ब्रेसियर वापरत होते (आकडा पाठीच्या पट्टीच्या घेराचा, अक्षर कपाचे). पाठीची पट्टी सैल असल्यामुळे ती वर चढे, मी पट्टे आवळले की आणखी चढे, आणि दुपारपर्यंत पट्टे पुन्हा दंडावर. छातीखालचा घेर टेपने मोजून ३४ सी घेतली, तेव्हा कपाचे आकारमान जवळपास तेच राहिले, पण भार खांद्यांऐवजी पाठीच्या पट्टीवर गेला. नवी ब्रेसियर सर्वांत बाहेरच्या हुकावर घट्ट बसली पाहिजे; आतले हूक इलॅस्टिक सैलावल्यानंतरचे.

*

गरब्यासाठी दुहेरी चिकटपट्टी आणली होती. घामाने पहिल्याच फेरीत सुटली.

*

माझ्या आईचे वय ७२ आहे. तिच्या ब्रेसियरचा घेर बरोबर आहे, पण खांदेच उतरते असल्यामुळे पट्ट्यांना टेकायला जागा नाही, तेव्हा घेराचा नियम सर्वांना लागू पडत नाही असे मला वाटते. पाठीवर पट्टे जवळ आणणारी प्लॅस्टिकची क्लिप विकत आणली, तर ती खुर्चीत टेकल्यावर मणक्याला टोचे. शेवटी जुन्या ब्रेसियरच्या पट्ट्याचा तीन इंचांचा तुकडा कापून दोन्ही पट्ट्यांमध्ये, पाठीच्या पात्यांच्या उंचीवर, आडवा शिवला. मोठ्या गळ्याच्या ब्लाउजमधून तो दिसेल, पण आईचे ब्लाउज बंद गळ्याचे. आता भजनी मंडळातून तिच्या मैत्रिणींच्या पिशव्या माझ्याकडे येतात, आणि निरोप एवढाच असतो, ‘तसंच आडवं लावून दे गं.’