फुलांचे क्लोजअप: पुंकेसर शार्प, पाकळ्या धूसर. काय चुकतंय?

प्रश्न:
सुट्टीच्या दिवशी जवळपास भटकताना रानफुलांचे क्लोजअप काढते. क्रॉप सेन्सरचा (म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा, १८-५५ आणि ५५-२५० मिमी लेन्स, ट्रायपॉड नाही. नखाएवढी फुलं फ्रेममध्ये फारच लहान येतात. ५५-२५० पूर्ण झूम करून एफ/५.६ अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र), १/१०० सेकंद शटरला काढले तर बरेच फोटो हलतात, न हललेल्यात पाकळ्या धूसर. मॅक्रो लेन्स सध्या नको. एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी पोकळ नळी) घेऊ की क्लोजअप लेन्स (लेन्सच्या पुढे फिल्टरसारखी बसणारी भिंगाची काच)?

प्रतिसाद १:
५५-२५० आहे म्हणून क्लोजअप लेन्सच. मूळ लेन्स अनंतावर फोकस केलेली असताना हिशेब सोपा आहे: फोकल लेन्ग्थ (लेन्सचा मिमीतला आकडा) गुणिले डायऑप्टर (काचेची ताकद), भागिले १०००; उत्तर म्हणजे सेन्सरवर फूल खऱ्या आकाराच्या किती पट येतं ते. +५ ची काच २५० ला १.२५ पट देते, १०० ला अर्धी पट. फूल काचेपासून सुमारे २० सेंमीवर राहतं, त्यामुळे लेन्सची सावली सहसा पडत नाही. एकाच काचेची स्वस्त लेन्स टाळा, कडांना जांभळी-हिरवी किनार येते. दोन काचा जोडलेली अ‍ॅक्रोमॅट घ्या, आणि आधी तुमच्या लेन्सचा फिल्टर थ्रेड (पुढच्या आट्यांचा व्यास) बघा.

ट्यूबचं गणित उलटं आहे: ट्यूबची लांबी भागिले फोकल लेन्ग्थ. २५ मिमीची ट्यूब ५० ला अर्ध्या पटीची भर घालते, २५० ला फक्त ०.१ ची. शिवाय प्रकाश कमी होतो.

प्रतिसाद २:
काच लावली तरी हलणं थांबणार नाही. क्रॉप सेन्सरवर २५० ला किमान १/४०० चा शटर हवा, त्यासाठी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८०० वर गेला तरी चालेल. स्टॅबिलायझेशनवर (हात हलणं सावरणाऱ्या सोयीवर) भिस्त ठेवू नका. इतक्या जवळून कॅमेऱ्याचं तिरपं होणं नव्हे, तर वर-खाली, डावी-उजवीकडे सरकणं जास्त नडतं, आणि ते स्टॅबिलायझेशनला फारसं सावरता येत नाही.

धूसर पाकळ्यांचं कारण वेगळं आहे. फूल सेन्सरवर खऱ्या आकारात येतं तेव्हा एफ/८ लाही फोकसची खोली (पुढे-मागे जेवढा भाग शार्प राहतो तो) एक मिलिमीटर भरत नाही. आकार अर्धा केलात तर ती तिप्पट-चौपट होते. म्हणून झूम १०० वर आणा, एफ/११ ठेवा आणि नंतर क्रॉप करा. एफ/२२ नको, डिफ्रॅक्शनने (फार लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) सगळंच मऊ पडतं. चपटं फूल असेल तर सेन्सर पाकळ्यांना समांतर धरा, निम्मं काम तिथेच होतं.

ऑटोफोकस बंद. रिंग एका जागी ठेवून, कोपरं गुडघ्यावर टेकवून शरीर किंचित पुढे-मागे करा आणि पाच-सहा फोटोंचा बर्स्ट (एकापाठोपाठ झटपट फोटो) घ्या. वारा असेल तर झुळूक थांबेपर्यंत थांबा.

प्रश्नकर्ती:
हे करून बघते. लाल फुलांचा रंग मात्र सपाट येतो, पाकळीच्या शिरा दिसतच नाहीत. तो फोकसचाच दोष का?

प्रतिसाद ३:
नाही, लाल चॅनल फुटतोय, म्हणजे लाल रंग कमाल पातळीला जाऊन त्यातला तपशील हरवतोय. साधा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) ठीक दिसतो आणि फसवतो, म्हणून तीन रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावा. लाल उजव्या कडेला चिकटला असेल तर एक्स्पोजर २/३ स्टॉप खाली घ्या, फाइल रॉ (सेन्सरचा कच्चा डेटा) ठेवा. कडक उन्हात फुलावर पांढरी छत्री धरली की शिरा उठून दिसतात.