यंत्राने कर्ज नाकारलं, कारण कोणाला विचारायचं?

पावसचा बागायतदार:
पावसला माझी हापूसची दोनशे कलमं आहेत. फवारणीचा पंप आणि पाइपलाइनसाठी बँकेच्या ॲपवरून दोन लाखांचा अर्ज केला. चार मिनिटांत 'अपात्र'. शाखेत गेलो तर साहेब म्हणाले, "सिस्टीमनेच नाकारलंय, आमच्या हातात काही नाही."

त्या सिस्टीमला बागायत कळलेलीच नाही असं मला वाटतं. आमचा पैसा येतो एप्रिल-मेमध्ये, बाकी दहा महिने खातं कोरडं. सातबारा सामाईक, सतरा नावं, निम्मी माणसं मुंबईत. कोकणात घरोघरी हेच. सोसायटीचं कर्ज बारा वर्षांत एकदाही थकवलं नाही, ते कुठे मोजलं?

एआयला माझा विरोध नाही. मोहोरावर तुडतुड्यांची कीड आहे की भुरी रोग, हे मी फोटो काढून मोबाइललाच विचारतो. पण नाकारलंत तर कारण सांगा, एवढं बंधन सरकार घालू शकत नाही का? बाहेरच्या देशांत काय करतात?

गुहागरची, सध्या डब्लिन:
काका, युरोपियन युनियनचा एआय कायदा १ ऑगस्ट २०२४ला अमलात आला, तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होतात. त्यात माणसाची पत ठरवणारी प्रणाली जास्त जोखमीची धरलीय. तिच्यावर माणसाची देखरेख हवी, नोंदी हव्यात, आणि ज्याला फटका बसला त्याला खुलासा मागता येतो. तुमच्या तुडतुडेवाल्या ॲपला असली बंधनं नाहीत. नव्या कंपन्यांना सरकारी देखरेखीखाली चाचणी घ्यायची सोयही ठेवलीय. कागदपत्रांचा भार मोठा, ही छोट्या कंपन्यांची तक्रार मात्र खरी आहे.

निवृत्त शाखाधिकारी, कुडाळ:
आपल्याकडे केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२५च्या एआय मार्गदर्शक तत्त्वांचा कल असा, की एआयसाठी वेगळा कायदा तूर्त नको, आहेत ते नियम वापरा. दुसरीकडे एआय वाढवण्याच्या सरकारी योजनेला, इंडियाएआय मिशनला, सुमारे १०,३७२ कोटी मंजूर. पैसा द्यावाच, पण खुलाशाचा हक्कही स्पष्ट लिहायला हवा होता.

तरी तुमचं काम जुन्या नियमात होईल. अर्ज नाकारला तर मुख्य कारण लेखी कळवा, हे रिझर्व्ह बँकेने २००७मध्येच बँकांना सांगितलंय, कर्ज कितीही रकमेचं असो. माणसाने नाकारलं काय नि यंत्राने काय, जबाबदारी बँकेचीच. शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. पैसे लागत नाहीत.

पावसचा बागायतदार:
सोमवारी जातो. सोसायटीच्या पावत्या जोडतो. आणि कारण मराठीत द्या, हेही अर्जात लिहितो.