‘बेवारस’ सामान कुणाचं?

प्रश्न : मागच्या आठवड्यात आमच्याकडे जळगावच्या बाजारपेठेत अतिक्रमणाची गाडी आली. एका बंद दुकानाच्या ओट्यावर झोपणाऱ्या आजी चहाला पलीकडे गेल्या होत्या. तेवढ्यात त्यांचं गाठोडं ट्रॉलीत गेलं. आत गोधडी, जर्मनचं ताट आणि दवाखान्याचा केसपेपर. त्या धावत आल्या, ‘ते मन्हं शे भाऊ’ म्हणत राहिल्या. नोंद झाली ‘बेवारस सामान’ अशी. मालकीण समोर असताना हा शब्द चालतो का?

उत्तर : अजिबात नाही. ‘बे’ फारसी, ‘वारस’ अरबी. ज्याच्यावर हक्क सांगायला कुणी नाही, ते बेवारस. एकदा हा शब्द लिहिला, की कुणाला विचारायचं कामच उरत नाही, म्हणून तो इतका सोयीचा. आजी बेघर आहेत. घर नाही, एवढंच त्या शब्दात येतं. नाव, नाती, सामान सगळं शाबूत.

‘भिकारी’ही सरसकट म्हणू नये. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याच्या व्याख्येत तर उपजीविकेचं साधन न दिसता, भिकेवर जगत असावा असं वाटेल अशा रीतीनं सार्वजनिक जागी फिरणारा, थांबणारा माणूसही बसतो. आपल्याकडे हमाली करून, लग्नात भांडी घासून रात्री फलाटाबाहेर अंग टाकणारे कितीतरी आहेत.

दुसरं उत्तर : बेघरांच्या आसऱ्याच्या पाटीवरचा ‘रात्रनिवारा’ शब्दही खटकतो. निवारणे म्हणजे टाळणे, दूर सारणे. थंडी, पाऊस, ऊन ज्यानं टळतं तो निवारा. खान्देशात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा दुपारी दोनला निवारा हवा. सकाळी बाहेर काढलेल्या म्हाताऱ्या माणसानं जायचं कुठे? सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच निवारे चोवीस तास, बारमाही चालवायला सांगितलं होतं. केंद्राच्या शहरी बेघरांसाठीच्या योजनेत लाख वस्तीमागे निदान शंभर जणांची सोय धरली होती. २०११ च्या जनगणनेत जळगाव शहर साडेचार लाखांवर होतं, म्हणजे निदान साडेचारशे जागा. पाटीवर नुसतं ‘निवारा’ लिहा आणि दार दिवसाही उघडं ठेवा. ओटे रिकामे करण्याआधी हे व्हायला हवं.

प्रश्नकर्ती : आभार. काल आजींसोबत अर्ज दिला. त्यात ‘बेवारस’ ऐवजी ‘बेघर महिलेचं सामान’ लिहिलं. गोधडी मिळाली. केसपेपर अजून शोधतोय.