मदत हवी आहे: ग्रीसमध्ये शिडाची बोट रात्री एकटी सोडून दोघांनी नाटकाला जाण्याबद्दल

नमस्कार मंडळी,

मी आणि नवरा हॅम्बुर्गला राहतो. आमची ३४ फुटी शिडाची बोट अथेन्सजवळ ठेवलेली असते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघंच ती घेऊन सारोनिक आखातात फिरतो. यंदा जुलैच्या उत्तरार्धात एपिडाव्रोसच्या प्राचीन थिएटरात नाटक बघायचं आहे. तिकिटं काढण्याआधी बोटीचं काय करायचं ते ठरवायला हवं, म्हणून हा धागा.

थिएटर इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातलं. दगडी आसनांच्या ५५ रांगा, आणि अजूनही उन्हाळी महोत्सवात तिथे सोफोक्लीस, युरिपिडीस यांची नाटकं होतात. नाटकाचं वेड मला माहेरूनच आहे, त्यामुळे नुसते अवशेष बघून परत फिरणं मला पटत नाही. प्रयोग शुक्रवार-शनिवारी, रात्री ९ ला. थिएटर समुद्रापासून आत, डोंगरात आहे. सोयीचं बंदर पालिया एपिडाव्रोस, तिथून टॅक्सीने जाता येतं. म्हणजे संध्याकाळपासून मध्यरात्र उलटेपर्यंत बोटीवर कोणी नसणार.

दिवसा आम्ही बोट सोडून जातो, पण गेल्या वर्षी एजिना बेटावर जे झालं त्यानंतर नवऱ्याचा जीव लागत नाही. नेहमीसारखा पुढे नांगर टाकून बोटीचं मागचं टोक धक्क्याला बांधलं होतं आणि आम्ही बसने अफाइयाचं देऊळ बघायला गेलो होतो. शेजारच्या बोटीचा नांगर आमच्या साखळीवरून पडलेला होता. त्यांनी निघताना तो उचलला, तसा आमचाही उखडला. दुपारी वारा वाढल्यावर बोट मागे सरकत धक्क्यावर आपटायला लागली. पलीकडच्या बोटीवरच्या एका आजोबांनी आपले दोन फेंडर (बोट घासू नये म्हणून लावायचे फुगे) मधे सारले आणि आम्ही येईपर्यंत दोर हातात धरून उभे राहिले. रंग खरवडला, सुकाणू वाचलं.

तेव्हापासून तो म्हणतो, आळीपाळीने जाऊ, एक जण बोटीवर थांबेल. मला ते नको आहे. पोरोस बेटावर पोसायडनच्या देवळाकडे तशीच एकटी चढून गेले होते. अथेन्सचा वक्ता डेमोस्थेनीस याने जिथे इ.स.पू. ३२२ मध्ये विष घेतलं ती जागा, समोर पाइनची झाडं आणि खाली समुद्र, आणि बोलायला शेजारी कोणी नाही. मग इतक्या लांब दोघांनी मिळून यायचं कशाला?

दुसरा पर्याय म्हणजे पोरोस, हायड्रा, स्पेत्सेस या बेटांवरून वळसा घालून नाफ्लिओला जायचं. तिथून थिएटर आणि मायसिनी हे प्राचीन शहर दोन्ही जवळ, शिवाय पालामिडी किल्ला डोक्यावरच. ग्रीसची ही जुनी राजधानी मला बघायचीच आहे. पण बंदरात ओळखीचं कोणी नसताना रात्रीसाठी तिथे बोट सोडावी का?

तर ज्यांनी त्या भागात बोट नेली आहे त्यांनी सांगा: पालिया एपिडाव्रोसला धक्क्याला बांधावी की खाडीत मोकळ्या नांगरावर ठेवावी? मोबाइलवरचा नांगराचा अलार्म (बोट जागेवरून सरकली की वाजणारा) लांबून कितपत उपयोगी पडतो? आणि नाटक सुटल्यावर परतीची टॅक्सी मिळते का?

प्रतिसाद

ताई, मी पालिया एपिडाव्रोसलाच ठेवा म्हणेन, आणि खाडीत, मोकळ्या नांगरावर. एजिनाला जे झालं ते धक्क्याच्या गर्दीत होतं, तिथे सगळ्यांच्या साखळ्या एकमेकींवर असतात. नाटकाच्या दिवशी बोटी वाढतात म्हणून आदल्या दिवशी दुपारच्या आत पोहोचा. पाण्यात गवताचे गडद पट्टे दिसतील, ते टाळून फिकट वाळू दिसेल तिथे नांगर टाका. पाण्याच्या खोलीच्या पाचपट तरी साखळी सोडा, मग इंजिन मागे जोरात लावून ताण द्या, आणि मास्क लावून स्वतः खाली बघून या. नांगर पुरता रुतलेला डोळ्यांनी पाहिला की भाऊजींचा जीव निम्मा खाली येईल. एक रात्र त्याच जागी काढली की बोट वाऱ्याबरोबर कशी फिरते तेही कळतं.

अलार्मसाठी जुना फोन बोटीवरच चार्जिंगला लावून ठेवा, त्यात सिम हवं. तुमच्या खिशातला फोन फक्त तुम्ही कुठे आहात ते सांगेल. पण लांबून अलार्म वाजला तरी पोहोचायला वेळ लागणारच, म्हणून शेजारच्या बोटीला तुमचा नंबर द्या आणि इंजिनाची किल्ली कुठे आहे ते दाखवून ठेवा. नांगराचा दिवा आठवणीने लावा, नाहीतर डिंगीतून (किनाऱ्यावर ये-जा करायच्या छोट्या होडीतून) परतताना अंधारात स्वतःचीच बोट सापडत नाही. टॅक्सीवाल्याला जातानाच परतीची वेळ सांगून ठेवा, प्रयोग सुटल्यावर सगळे एकदम बाहेर पडतात. दगडावर बसायला उशी न्या.

नाफ्लिओ आणि मायसिनी दुसऱ्या दिवशी भाड्याच्या गाडीने करा, वळसा घालायची गरज नाही. मायसिनीला दार उघडताच पोहोचा, सिंहद्वाराच्या आत सावली फार कमी आहे. आणि खाडीच्या दक्षिणेला उथळ पाण्यात रोमन वाड्याचे अवशेष बुडालेले आहेत, मास्क घेऊन दोघंही उतरा.

धागाकर्ती

मनापासून आभार! किल्ली दाखवून ठेवायचं आम्हाला सुचलंच नसतं. नवऱ्याला वाचून दाखवलं, खाली जाऊन नांगर बघायच्या अटीवर तो तयार आहे. शुक्रवारची तिकिटं काढते, म्हणजे वारा जास्त असला तर शनिवार हाताशी राहील. गाडी तिथेच भाड्याने मिळते की नाफ्लिओहून मागवावी लागते, तेवढं कोणी सांगू शकेल का?