इंडियास्किल्स या कौशल्य स्पर्धेला ऑटोमोबाइल टेक्नॉलॉजीत उतरतोय, वायरिंगची तयारी कशी करू?

प्रश्न: साताऱ्यात आयटीआयला आहे, एमएमव्ही (मेकॅनिक मोटर व्हेइकल) दुसरं वर्ष. इंजिन खोलून जोडायला हात बसलाय, पण वायरिंगचा फॉल्ट शोधताना घाम फुटतो. मल्टिमीटर कुठे लावू तेच सुचत नाही.

उत्तर: आधी बॅटरी बघ, इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. मग फ्यूज, रिले (विजेवर चालणारा स्विच), अर्थ (गाडीच्या बॉडीला जोडलेली तार). लोड (दिवा वगैरे) चालू ठेवून व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे तारेत किंवा जोडात किती व्होल्ट वाया जातात ते मोज. मल्टिमीटरच्या नुसत्या कंटिन्युइटी बीपवर (तार जोडलेली असली की वाजतो तो) विश्वास ठेवू नकोस, तारेचा एकच धागा शाबूत असला तरी बीप वाजतो. माझे गुण यातच गेले.

उत्तर: टॉर्कचा (किती जोराने आवळायचं त्याचा) आकडा मॅन्युअलमध्ये बघूनच बोल्ट आवळ. स्पर्धेची वयाची अटही तपास.

प्रश्नकर्ता: दादा, वर्कशॉपातल्या जुन्या गाडीचा हेडलाइट मोजला. अर्थला ०.८ व्होल्ट ड्रॉप! अर्थचा बोल्ट घासून साफ केला, ड्रॉप ०.१ वर आला. उजेडच बदलला!