मटारासाठी फ्रॉस्ट संपायची वाट नको

एक सल्ला ऐकायला मिळतो की फ्रॉस्ट (कडक थंडीत दव गोठून पडणारा बर्फाचा थर) पूर्ण संपल्यावरच मटार लावा. टोमॅटोसाठी हे बरोबर, मटारासाठी अजिबात नाही! तोवर थांबलात तर फुलं ऐन उन्हाळ्यात येतात आणि साधारण २७ अंशांच्या पुढे शेंगा न धरताच गळतात. शेवटच्या फ्रॉस्टच्या ४ ते ६ आठवडे आधी पेरा. कोवळी रोपं हलका फ्रॉस्ट सोसतात. पण तारखेपेक्षा मातीचं ऐका. मूठभर माती दाबून बघा. चिकट गोळा तसाच राहिला तर थांबा, बी कुजेल. बोटाने टोचल्यावर भुसभुशीत सुटली की पेरा. माती ५ अंशांवर असेल तर कोंब यायला महिनाभर लागतो, १० अंशांवर साधारण दोन आठवडे. तोवर बी उकरून बघू नका हं, कोवळं मूळ पटकन मोडतं.