'हॅनिबल'वर म्हणे अन्याय झाला!

कडूकारले:
परवा इथे एकाने लिहिलं की २००१ च्या 'हॅनिबल'वर, म्हणजे नरभक्षक मानसोपचारतज्ज्ञ हॅनिबल लेक्टरच्या सिनेमावर, समीक्षकांनी अन्याय केला. पहिल्या तीन दिवसांत ५ कोटी ८० लाख डॉलर कमावणारा सिनेमा वाईट कसा असेल, असा बिनतोड सवालही टाकला. दोन ओळी खरडून गप्प बसणार होतो, पण रात्रभर डोक्यात किडा वळवळत राहिला.

अहो, ते पैसे 'हॅनिबल'चे नव्हतेच. ती त्याच्या आधीच्या 'सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स'ची दहा वर्षांची उधारी होती, वसूल झाली इतकंच. १९९१ च्या त्या सिनेमात लेक्टर झालेला अँथनी हॉपकिन्स पडद्यावर अर्धा तासही नाही. दिग्दर्शक जोनाथन डेमीने एक साधी गोष्ट केली. तुरुंगात लेक्टरला भेटायला जाणाऱ्या एफबीआयच्या स्टार्लिंगशी बोलणारी माणसं थेट कॅमेऱ्यात बघतात, ती मात्र किंचित बाजूला. त्यामुळे लेक्टर बघतो तो आपल्याकडे. तिच्या खुर्चीत आपण बसलेलो असतो, आणि उठता येत नाही.

'हॅनिबल'चा दिग्दर्शक रिडली स्कॉटने लेक्टरला टोपी घालून फ्लॉरेन्सला हवा खायला पाठवलं. पिंजऱ्यातल्या वाघाला आपण टरकलो होतो. मोकळा सोडला तर निवृत्त प्राध्यापक निघाला! शेवटी रे लिओटाची कवटी उघडून त्याचाच मेंदू परतून त्यालाच भरवतात, तेव्हा आमच्या थेटरात मागच्या रांगेत लोक खिदळत होते. 'सायलेन्स'मधली स्टार्लिंग, जोडी फॉस्टर नाही म्हणाली, डेमी नाही म्हणाला, पटकथाकार टेड टॅली नाही म्हणाला. घरच्याच तिघांनी पंगत टाळली, मग समीक्षकांनी ढेकर का द्यावा?

टिळकरोडवाला:
तो 'एक' म्हणजे मीच. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं.

तुमचे टेड टॅली पुढच्याच वर्षी लेक्टरचाच पुढचा सिनेमा 'रेड ड्रॅगन' लिहायला हजर झाले, हे सोयीस्करपणे गाळलंत. मूळ चूक अशी की तुम्ही स्कॉटकडे थ्रिलर मागताय, आणि त्याने केलाय ऑपेरा. फ्लॉरेन्सचा पोलीस अधिकारी पात्झी, त्याचा भाग पुन्हा बघा. तरुण बायको, तुटपुंजा पगार, समोर लेक्टरवरचं ३० लाख डॉलरचं बक्षीस. लेक्टरच्या बोटांचा ठसा मिळवायला तो पाकीटमाराच्या मनगटात कडं घालून पाठवतो. तिथून तो माणूस पायरी पायरीने खाली जातो आणि शेवटी पलाझ्झो व्हेक्किओ या फ्लॉरेन्सच्या जुन्या वाड्यावरून लटकतो. मेदिची घराण्याविरुद्धच्या १४७८ च्या कटानंतर त्याच घराण्यातल्या फ्रान्चेस्को पात्झीला त्याच वाड्यावर फाशी दिलं होतं. एवढं विणकाम १९९१ मध्ये नव्हतं, माफ करा.

समीक्षकांचा निकाल म्हणाल, तर लेक्टरचा पहिला सिनेमा, १९८६ चा 'मॅनहंटर' आठवा. तेव्हा तिकीटबारीवर आपटला, आज तेच लोक त्याचा दिग्दर्शक मायकल मानच्या नावाने उदबत्ती लावतात.

सईसांज:
'सायलेन्स'ला सोवळ्यात ठेवणाऱ्यांनी हेही लिहावं की त्यातला खुनी बफेलो बिल याच्या चित्रणावरून तेव्हा समलिंगी संघटनांनी निदर्शनं केली होती, ऑस्करच्या रात्रीसुद्धा. सिनेमातला संवाद 'तो खरा ट्रान्ससेक्शुअल नाही' म्हणतो, पण लक्षात राहतो तो आरशासमोरचा नाच. मी कॉलेजात पाहिला तेव्हा शेजारचा ग्रुप ज्या शब्दांत ओरडत होता ते इथे लिहिता येणार नाहीत. माझा मित्र माझ्या बाजूला बसला होता. मध्यंतरात पाणी आणतो म्हणून गेला, तो परत आलाच नाही.

कडूकारले:
सईसांज, याला माझ्याकडे उत्तर नाही. डेमीने १९९३ मध्ये एड्स झालेल्या समलिंगी वकिलावरचा 'फिलाडेल्फिया' केला एवढंच सांगू शकतो, आणि ते उत्तर नव्हे हेही कळतं.

पिठलंभाकर:
टिळकरोडवाले, तो वाडा मी प्रत्यक्ष पाहिलाय! म्हणजे अकरा मिनिटं. आमच्या टूरच्या मॅनेजरच्या हातात पिवळी छत्री. मी मान वर करून पात्झी कुठून लटकला ते शोधतेय, तर मागून हाक, "ताई चला, फुलके गार होतील!" आयुष्यात एकदा फ्लॉरेन्स, आणि तिथे बटाट्याची भाजी, फुलके नि श्रीखंड. श्रीखंडासाठी मी एवढे पैसे भरले होते का?

मुक्काम मिलान:
ही मंडळी आम्हाला इथे नेहमी दिसतात. चौकात उभं राहून डब्यातले ठेपले खायचे आणि परत गेल्यावर 'इटलीत काही मिळत नाही' म्हणायचं.

आजीचा नातू:
ओ मिलान, जरा सांभाळून. माझी आई ६८ वर्षांची, मधुमेही, जन्मात अंडं खाल्लेलं नाही. नऊ दिवस तिने काय पावाची लादी चघळायची? त्या फुलक्यांमुळे ती बाई युरोप बघून आली. तुम्ही तिकडे जाऊन बसलात म्हणून आम्ही गावंढळ झालो का?

मुक्काम मिलान:
आईंना काही म्हटलेलं नाही. पण फ्लॉरेन्सची 'रिबोलिता' माहीत आहे? शिळा पाव, पांढरा घेवडा, काळपट पालेभाजी, सगळं पुन्हा शिजवलेलं. आपल्या फोडणीच्या पोळीची मावसबहीणच. मांस नाही. फक्त वर चीज घालू नका म्हणून सांगायचं. कुठल्याही टूरने विचारलंय कधी?

आजीचा नातू:
रात्री साडेनऊला पंचेचाळीस माणसांना शिळा पाव वाढून बघा, मग बोलू.

कडूकारले:
धागा नरभक्षकावर काढला होता, पोचला कुठे तर श्रीखंडावर! पुढचे प्रतिसाद कृपया सिनेमावर.

मुक्काम मिलान:
सिनेमावरच घ्या. 'सायलेन्स'मध्ये लेक्टर यकृताबरोबर जी किआन्ती वाइन प्यायल्याचं सांगतो, ती याच टस्कनीतली, फ्लॉरेन्सच्याच प्रांतातली. पुस्तकात मात्र आमारोने आहे, ती वेरोनाकडची. प्रेक्षकांना नाव ओळखीचं वाटावं म्हणून बदललं असणार, हा आपला माझा तर्क. म्हणजे जेवण सोपं करून वाढायची खोड तुमच्या टूरवाल्याचीच नाही.

पिठलंभाकर:
हे बरंय! आता भाजीही आमचीच चूक.

टिळकरोडवाला:
कडूकारले, एका बाबतीत तुमच्याशी सहमत होतो, लिहून ठेवा. २००७ चा 'हॅनिबल रायझिंग' भिकार आहे. बहिणीला खाल्लं म्हणून हा असा झाला! लेक्टर घडला कसा हे कुणी विचारलं होतं? पटकथा खुद्द मूळ कादंबरीकार थॉमस हॅरिसची, त्यामुळे दिग्दर्शकावरही ढकलता येत नाही.

कडूकारले:
अहो, मी तेच तर म्हणतोय! ती घसरण २००१ लाच सुरू झाली. 'मॅनहंटर'मध्ये लेक्टर झालेला ब्रायन कॉक्स किती वेळ दिसतो? मोजके प्रसंग. म्हणूनच तो टिकला. तीच कादंबरी 'रेड ड्रॅगन' नावाने पुन्हा केली, कॅमेऱ्यामागे तोच दान्ते स्पिनोत्ती, पण हॉपकिन्सला जास्त वेळ द्यायचा म्हणून सुरुवातीला मेजवानी घुसडली. नायक एडवर्ड नॉर्टन झोपेतून उठल्यासारखा. खुनी झालेला राल्फ फाइन्स नसता तर बघवला नसता.

बरं, पात्झीचा भाग काल रात्री पुन्हा पाहिला. चांगला आहे. खूश? तेवढी चाळीसेक मिनिटं तुमची. उरलेला दीड तास आणि ती माणसं खाणारी रानडुकरं तुम्हीच ठेवा.

टिळकरोडवाला:
चाळीस मिनिटं! ९१ साली त्याहून कमी वेळावर लोटांगण घातलं होतंत.

पिठलंभाकर:
मिलानकर, त्या रिबोलितात लसूण किती घालतात?